एका खिळ्यावरची दोन मापं

भादरखेडे, ता. शहादे
१४ ऑक्टोबर १९४३

नानांना शांतेचा नमस्कार.

माझं अक्षर पाहून धुडकूला नवल वाटेल. पत्र तोच तुम्हाला वाचून दाखवणार, हे धरूनच लिहिते आहे. लग्नानंतरच्या तेरा वर्षांत माझी चारच पत्रं आली असतील, तीही आई गेली तेव्हाची आणि मुलांच्या बारशांची. आज काम पडलं म्हणून लिहिते.

इकडे तापीकाठच्या मळ्यांत रानडुकरांनी उच्छाद मांडला आहे. अर्धा भुईमूग उकरून खाल्ला, आता उसात शिरतात. तुमच्या जावयांकडे पीक राखण्याचं लायसन आहे, दुनळी बंदूकही आहे. पण लढाई सुरू झाल्यापासून विलायती काडतुसं मिळत नाहीत. घरात वापरलेली पितळी काडतुसं साठ-सत्तर पडून होती. मागच्या आठवड्यात हे धुळ्याहून काळ्या दारूचा डबा, बार पेटवायच्या टोप्या, छर्रे आणि लोकरी नमद्याच्या चकत्या घेऊन आले आणि स्वयंपाकघरातच परात पुढे ओढून भरायला बसले. चूल चार हातांवर पेटलेली. माप म्हणून हाताशी घरातला चमचा.

मी भाकरी थापत होते. हात धुतले, दारूचा डबा उचलला, अंगणात नेऊन टोपल्याखाली झाकून ठेवला आणि परत येऊन उरलेल्या भाकरी केल्या. हे चिडले. सासूबाई दारात येऊन म्हणाल्या, "हाई काय बायासनं काम शे?" मी म्हटलं, मला हे काम येतं. यांनी विचारलं, "तू हाई कोठे शिकनी?"

"मन्हा बापनी शिकाडं," एवढंच सांगितलं.

तेरा वर्षांत या घरात कुणाला ते ठाऊक नव्हतं. नंदुरबारला माझ्या वडलांचं बंदूक दुरुस्तीचं दुकान होतं, एवढं सोयरीक जुळवताना सांगितलं होतं. मुलगी चौदाव्या वर्षापासून तिथे बसून काडतुसं भरायची, हे कुणी सांगितलं नव्हतं.

आता काम असं आहे. मागच्या अंगाला कपाशी ठेवायची खोली आहे. ती रिकामी केली, भिंतींना चिकटलेला कापूस काढला, झाडून शेणाने सारवली. उत्तरेला एक खिडकी आहे, तिथून उजेड येतो पण ऊन येत नाही. तिच्याखाली टेबल लावायचं आहे. यांनी सागाच्या फळ्या काढून ठेवल्या आहेत. तुमच्या टेबलाची उंची मला आठवते ती माझ्या सोळाव्या वर्षाच्या खांद्यावरून, त्यामुळे भरवसा नाही. ती कळवावी. उभ्याने काम करावं की बसून? टोप्या किती लांब ठेवाव्यात? तुम्ही त्या कोनाड्यात ठेवत असा, तो दारूपासून जवळ होता असं मला आता वाटतं. शिवाय रिकामी काडतुसं चिंचेच्या पाण्याने धुतल्यावर किती दिवस वाळवावीत, तेही लिहावं. इकडची हवा नंदुरबारपेक्षा दमट आहे.

माझ्या टेबलावर एकच दारू राहील आणि एकच माप. हा नियम मी घरात पहिल्याच दिवशी सांगून टाकला.

डोळ्यांचं कसं आहे ते धुडकूने लिहावं.

शांता


भादरखेडे
६ नोव्हेंबर १९४३

नाना,

तुमचं उत्तर पोचलं. धुडकूने चार पानं लिहिली, म्हणजे तुम्ही बराच वेळ बोलत बसला असाल. तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं, ते कळवते.

टेबल माझ्या कोपराच्या उंचीचं केलं. काम बसून. चारी कडांना बोटभर पट्टी ठोकून घेतली, म्हणजे टोपी घरंगळली तरी खाली पडत नाही. खिळ्यांची डोकी लाकडात बसवून वर मेण भरलं. टोप्यांचा डबा समोरच्या भिंतीला, दारापलीकडे. एका वेळी पंचवीस टोप्या उठून आणायच्या, त्या सगळ्या बसवून होईपर्यंत दारूचा डबा उघडायचाच नाही. उठण्याचा कंटाळा येईल तेव्हा त्या दिवसापुरतं काम थांबवायचं, हे तुमचं वाक्य मी यांना वाचून दाखवलं. यांना हसू आलं, पण मान्य केलं.

शिसमाचा एक ठोकळा घेऊन त्याला पंचवीस भोकं पाडून घेतली आहेत. काडतुसं त्यात ओळीने उभी राहतात. सगळ्यांत दारू पडली की ठोकळा खिडकीशी नेऊन प्रत्येकात वाकून बघायचं, पातळी सारखी आहे ना. एकातही कमीजास्त दिसलं तर पंचवीसही उलटी करून पुन्हा पहिल्यापासून. ही रीत तुमच्याकडे नव्हती. ती मी बसवली. मग चकती, छर्रे, वरून पुठ्ठ्याची चकती, मेण. उंबऱ्याशी पाण्याचा घडा. मी मापाला हात लावला की घरात कुणी मला हाक मारायची नाही. मुलांनीसुद्धा.

तुम्ही विचारलंत की एकच माप कशाला, लहान छर्ऱ्याला आणि मोठ्या छर्ऱ्याला वेगळं माप सोयीचं पडतं. पडत असेल. मला एकच हवं.

पत्राच्या शेवटी धुडकूने आपल्या मनाचं दोन ओळीत लिहिलं आहे. ते त्याने तुम्हाला वाचून दाखवलं नसेल म्हणून मीच इथे लिहिते, म्हणजे आता त्याला वाचावं लागेल. तो लिहितो, "तेरा वर्षांनी तुला नानांच्या टेबलाची उंची आठवली. ज्या बापाच्या हातून एकदा चूक झाली म्हणून तू माहेराकडे पाठ फिरवलीस, तो बाप आठवला नाही."

धुडकू, भाऊ म्हणून तुझा राग मला कळतो. मी माहेरी येत नाही याचं तू जे कारण धरलं आहेस ते खरं नाही. याहून जास्त आज लिहीत नाही.

नाना, आता तुम्हाला माणसाचा नुसता आकार दिसतो, असं त्याने लिहिलं आहे. धुळ्याच्या डॉक्टरकडे पुन्हा गेलात का?

शांता


भादरखेडे
१२ डिसेंबर १९४३

नाना,

टेबल चालू होऊन महिना झाला. आजवर शंभरावर काडतुसं भरली. एक फुसकं गेलं, टोपी सर्दावली होती. बाकी सगळी नीट वाजली. यांनी पाच डुकरं पाडली आणि कळप नदीपलीकडे सरकला. गावात यांचं नाव झालं. काडतुसं कोण भरतं ते हे कुणाला सांगत नाहीत आणि मीही सांगू नका म्हटलं आहे. आमचं लायसन आमच्या बंदुकीपुरतं. पाटलांचा माणूस काडतुसं मागायला आला होता, त्याला नाही म्हणून परत लावून दिलं.

सासूबाईंचं नाव तापीबाई, तुम्ही त्यांना लग्नातच पाहिलं. पहिले आठ दिवस त्या खोलीकडे फिरकल्या नाहीत. मग एक दिवस उंबऱ्याबाहेर येऊन बसल्या आणि बघत राहिल्या. मी ठोकळा तीनदा उलटा केला. त्या दिवशी कुठलंच काडतूस मला धड वाटेना. त्यांनी विचारलं नाही की का. दुसऱ्या दिवसापासून मी कामाला बसले की त्या बाहेर बसतात आणि मुलांना तिकडे येऊ देत नाहीत. त्यांना काहीतरी कळलं आहे. काय, ते माहीत नाही.

धुडकूने लिहिलं की यंदाही होळीला तुम्ही डोंगरातल्या काठी गावाला जायचं म्हणता, दिलवरसिंगकडे. रस्ता दिसत नाही तरी म्हणता. मोलगीपर्यंत गाडी आणि पुढे डोंगराची वाट. नाना, यंदा जाऊ नका. तेरा होळ्या गेलात. त्याच्या डाव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं गेली, ती तुमच्या जाण्याने परत आली नाहीत. शिकारीला आलेल्या साहेबाने आपली दुसरी बंदूक त्याच्या हातात दिली, त्याने बिबट्यावर झाडली, नळी फुटली. काडतूस आपल्या दुकानातलं होतं. चौकशीत तुम्ही म्हणालात, "ते मी भरलं, माझे डोळे अधू झाले आहेत." दुकान गेलं, लायसन गेलं. तेवढी शिक्षा पुरे होती. दर वर्षी डोंगर चढून जायला तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

हे रागाने लिहिलेलं वाटेल. रागाने लिहिलेलं नाही.

छर्रे संपत आले आहेत. तळोद्याला मिळत असतील तर धुडकूने कळवावं.

शांता


भादरखेडे
९ जानेवारी १९४४

नाना,

टेबल बंद केलं आहे.

काळी दारू संपली. हे पुन्हा धुळ्याला गेले तर तिथेही नव्हती. दुकानदाराने दुसरी दिली, विलायती, बिनधुराची, पिवळसर कणांची. तुम्हाला सांगायला नको. ती काळ्या दारूच्या मापाने भरायची नसते, तिला माप बरंच लहान लागतं, नाहीतर नळी फुटते. दुकानदाराने लहान मापही सोबत दिलं होतं. यांनी डबा आणून टेबलावर ठेवला आणि माप माझ्या मापाशेजारी त्याच खिळ्याला अडकवलं.

मी खोलीत जाऊन ते बघितलं आणि बाहेर आले. यांना म्हटलं, हा डबा घरात राहणार नाही. हे समजावू लागले की दारू चांगली आहे, साहेबलोक हीच वापरतात, माप वेगळं आहे एवढंच. मी म्हटलं, डबा जाईल नाहीतर मी त्या खोलीत पाय ठेवणार नाही. शब्दाने शब्द वाढला. लग्न झाल्यापासून आम्ही एकमेकांना एवढं कधी बोललो नव्हतो. शेवटी मी डबा उचलला आणि मळ्यातल्या विहिरीच्या खोपीत नेऊन ठेवला.

चार दिवसांत डुकरं परत आली. उसाचा पश्चिमेकडचा सगळा तुकडा आडवा झाला. हे बांधावर बसून राहतात. सासूबाईंनी एकदाच विचारलं, त्या डब्यात एवढं काय आहे. मी घडा उचलून पाण्याला गेले.

शांता


भादरखेडे
२० जानेवारी १९४४

धुडकू, हे पत्र तू आधी मनात वाचू नकोस. नानांना समोर बसव आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाच. कमलवहिनीलाही बसू दे. मध्ये काही गाळू नकोस.

नाना,

परवा दुपारी मी मळ्यात जाऊन यांना सगळं सांगितलं. तेरा वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं, म्हणून सांगायला वेळ लागला. यांनी ऐकून घेतलं. बराच वेळ बांधावरची माती हाताने फोडत होते. मग विचारलं, "आनि नानासले ठाऊक नही?" मी नाही म्हटलं. हे म्हणाले, "मंग सांगी टाक आते."

म्हणून सांगते.

माझ्या लग्नाच्या वर्षी माघात तुम्ही दोन दिवस धुळ्याला गेला होता. दुकानात सामान आणायला म्हणून सांगितलं होतं, पण डोळे दाखवायला गेला होतात, हे मला आणि आईला माहीत होतं. डोळे अधू झाल्याचं गिऱ्हाइकांना कळलं तर कुणी काडतूस घेणार नाही, म्हणून ते झाकायचं होतं. जायच्या आदल्या दिवशी तुम्ही साहेबाची काडतुसं भरायला घेतली होती. चाळीस हवी होती. तुमची अठरा भरून झाली होती. बाकीची आल्यावर, असं म्हणून तुम्ही गेलात.

दुसऱ्या दिवशी साहेबाचा माणूस आला. साहेब आजच निघणार, काडतुसं आत्ता हवीत. तो दुकानाच्या पायरीवर बसला. मी त्याला नाना गावाला गेलेत म्हणू शकले असते. ते म्हटलं नाही. मी म्हटलं, दुपारपर्यंत मिळतील. मला ते काम येत होतं आणि येतं हे कुणालातरी दाखवायचं होतं.

दारू विलायती होती. तुमची दोन्ही मापं खिडकीजवळ एकाच खिळ्याला टांगलेली असत, काळ्या दारूचं मोठं पुढे आणि दुसरं मागे. तो माणूस बाहेरून घाई करत होता. मी हात घातला आणि जे हाताला आलं ते घेतलं. दोन-तीन काडतुसं भरली. मग चकती नीट बसेना, वर येऊ लागली, तेव्हा बघितलं की माप मोठं आहे. मी माप बदललं. भरलेली उलटी केली, पण किती केली हे त्या घाईत मोजलं नाही. दोन केली. तीन असावीत.

बावीस भरली. तुमच्या अठरात मिसळली. तो माणूस घेऊन गेला.

चौथ्या दिवशी बातमी आली. तुम्ही परत आला होतात. पोलीस यायच्या आधी तुम्ही टेबलाशी जाऊन सगळं चाचपून बघत होता आणि आई दारात रडत होती. तुम्ही समोरच्या खोलीत आलात तेव्हा मी आत गेले. मोठ्या मापाच्या तळाला पिवळे कण चिकटलेले होते. मी ते चिंचेच्या पाण्यात धुतलं, पदराने पुसलं आणि खिळ्याला लावलं. मग पोलीस आले. त्यांनी विचारलं, कुणी भरली. तुम्ही म्हणालात, मी भरली. अठरा तुम्ही भरली होती, म्हणून तुम्हाला ते खोटं वाटत नव्हतं. डॉक्टरने दोनच दिवसांपूर्वी सांगितलं होतं की मोतीबिंदू वाढला आहे, त्यामुळे चूक आपलीच, असं तुम्ही स्वतःशी ठरवूनही टाकलं होतं. बाकीची मी भरली हे तुम्हाला माहीत होतं. पण पोरीचं नाव चौकशीत यायला नको म्हणून तुम्ही चाळीसही आपल्या नावावर घेतलीत. माझं लग्न वैशाखात होतं. तुम्हाला वाटलं तुम्ही मला एका नुसत्या चौकशीतून वाचवता आहात. कशातून वाचवलं ते तुम्हाला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला विचारलंत, "शांते, तू भरेल काडतुसं बराबर व्हती ना?" मी म्हटलं, हो. तुम्ही म्हणालात, "मंग मन्हीच." एवढं बोलून तुम्ही टेबलावर हात ठेवून उभे राहिलात.

त्या वेळी सांगता आलं असतं. वैशाखात, पाठवणीच्या आधी सांगता आलं असतं. आई गेली तेव्हा तीन दिवस तुमच्या शेजारी बसले होते, तेव्हाही आलं असतं. प्रत्येक वेळी आधीचं न सांगणं वाढत गेलं होतं, त्यामुळे जास्त अवघड होत गेलं. मी माहेरी आले नाही ते तुमची लाज वाटली म्हणून नव्हे, धुडकू. नाना दर होळीला काठीला जातात, हे तुझ्या पत्रात वाचायचे आणि ते पत्र चुलीत घालायचे. समोर बसून ते मला ऐकता आलं नसतं.

तुमचे हात चुकले नव्हते. अठराही बरोबर होती. हे सांगायला तेरा वर्षं लावली.

क्षमा मागायची तर पोस्टाने मागता येत नाही. तुम्ही सांगाल ते करीन. काहीच सांगायचं नसेल तर तसं धुडकूने कळवावं.

शांता


भादरखेडे
२८ फेब्रुवारी १९४४

नाना,

कालच काठीहून परतले. उशीर झाला, कारण धुडकूचं पत्र यायलाच अठरा दिवस लागले.

त्याने लिहिलं की पत्र वाचताना तो मध्येच थांबला, तर तुम्ही "पुढे वाच" म्हणालात. सगळं झाल्यावर तुम्ही पत्र मागून घेतलंत आणि मांडीवर ठेवून बसलात. जेवला नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणालात, "तेरा वरीस मी मन्हा हातसले शिव्या दिध्यात." मग शेजारच्या डोंगरसिंगची जुनी ठासणीची बंदूक मागवलीत, जिचा घोडा तीन वर्षांपासून अडकत होता, आणि नुसत्या बोटांनी तो उघडून, साफ करून, परत बसवलात. धुडकू म्हणतो, लायसन गेल्यापासून तुम्ही कुणाच्या बंदुकीला हात लावला नव्हता. माझ्यासाठी तुमचा निरोप एवढाच: "काठीले जाय. त्याले तू सांग." रागाचा शब्द नाही आणि मायेचाही नाही. मी त्या निरोपात दुसरं काही शोधलं नाही.

हे सोबत आले. अक्कलकुव्यावरून मोलगीपर्यंत गाडी, तिथे मुक्काम, पुढे पायी. काठीला होळीची गडबड आत्तापासूनच आहे. पोरं ढोल तापवतात, बाया मण्यांच्या माळा ओवतात. दिलवरसिंगचं घर गावाबाहेर टेकाडावर आहे, तुम्हाला माहीतच आहे. तो अंगणात बांबू चिरत होता. डाव्या हाताने बांबू काखेत दाबून धरतो आणि उजव्याने चिरतो. त्याने मला ओळखलं नाही, ओळखणार तरी कसा. मी नाव सांगितलं, तुमची मुलगी म्हटलं. तो लगेच उठला आणि विचारलं, म्हातारा बरा आहे ना? तुम्ही गेलात असंच त्याला वाटलं. मी म्हटलं, बरे आहेत, दिसत नाही आता. त्याने बायकोला हाक मारली. रूपलीबाई आली आणि उंबऱ्यावर बसली.

मी उभ्यानेच सगळं सांगितलं, तुम्हाला लिहिलं तसंच. काही कमी केलं नाही. तो बाजारची अहिराणी बोलतो आणि समजतो. बायकोला मध्येमध्ये त्यांच्या बोलीत सांगत होता. मापाचं आणि चिंचेच्या पाण्याचं सांगितलं तेव्हा त्याने बायकोला सांगणं थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं. मग तेही सांगितलं.

मी त्याला विचारलं, हात गेल्यावर काय केलंत. तो म्हणाला, त्याच्या घरात आजोबांपासून सगळे तीर मारणारे. डाव्या मुठीत धनुष्य धरता येत नाही. पहिली दोन वर्षं तो डोंगरावर गेलाच नाही. मग बांबूच्या टोपल्या करायला लागला. हे त्याने तक्रार म्हणून सांगितलं नाही. मी विचारलं म्हणून सांगितलं.

मी म्हटलं, मला माफ करा असं म्हणायला मी आले नाही, पण म्हणायचं तर ते याच ठिकाणी म्हणायला हवं. तो पुन्हा खाली बसला आणि बांबू चिरायला लागला. यांनी माझ्याकडे बघितलं, निघू या असं. तेवढ्यात तो बोलला.

"माफी मी एक डाव दिधी. ती म्हाताराले दिधी. तुले देवाले मन्हाकडे दुसरी नही."

मी मान हलवली. तो पुढे म्हणाला, "तो तेरा डाव उना. आते तू ये."

मी विचारलं, दर होळीला? तो म्हणाला, हो. मी हो म्हटलं. यांनीही हो म्हटलं, यांना कुणी विचारलं नव्हतं तरी.

मग रूपलीबाई बोलली. ती आपल्या बोलीत बोलली आणि दिलवरसिंगने मला सांगितलं. ती म्हणाली की तुम्ही दर वर्षी येता, गूळ आणता, तिच्या लुगड्याचं कापड आणता, पण तेरा वर्षांत त्यांच्या घरचा घास तुम्ही कधी तोंडात घातला नाही. अंगणातल्या मोहाच्या झाडाखाली बसता, आपली बांधून आणलेली भाकरी सोडता आणि खाता. तिने दर वर्षी विचारलं आणि दर वर्षी तुम्ही म्हणालात, ज्याचा हात माझ्यामुळे गेला त्याच्या घरचं मी कसं खाऊ. नाना, हे तुम्ही धुडकूला कधी सांगितलं नव्हतं. आता ती म्हणते, म्हाताऱ्याने येऊन घरात बसावं. वाट दिसत नसेल तर मोलगीहून तिचे दीर त्यांना हात धरून आणतील. उडीद दळून ठेवला आहे.

मला त्यांनी जेवायला विचारलं नाही. रूपलीबाईने तांब्याभर पाणी दिलं, ते प्यायले आणि आम्ही उतरलो. वाटेत हे म्हणाले की निदान बसा तरी म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, नाही. जे मिळालं ते बरोबर होतं.

टेबल पुन्हा उघडलं आहे. काळी दारू शहाद्यात मिळाली. विलायतीचा डबा यांनी स्वतः धुळ्याला परत केला. परवा पंचवीस भरली, एकदाच उलटी केली. सासूबाईंनाही सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, मला वाटलंच होतं काहीतरी. पण उंबऱ्याबाहेर बसायचं त्यांनी सोडलं नाही.

धुडकू, होळीला अकरा दिवस आहेत. तुझ्या गाडीने नानांना मोलगीपर्यंत ने. पुढे रूपलीबाईची माणसं भेटतील. मी यंदा येत नाही. हे वर्ष नानांचं आहे, माझं पुढच्या वर्षीपासून. माझ्यावर राग असला तर तो राहू दे, पण गाडी चुकवू नकोस.

नाना, या वेळी भाकरी बांधून नेऊ नका.

शांता